चान्या : अन्न, लाज आणि विवेक

खानदेशचा उन्हाळा हा वाळवणाचा काळ. भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीस अंशांना जाऊन भिडतो, धुळ्यात पांझरेचे पात्र उघडे पडते आणि घरोघरच्या गच्च्या व अंगणे बिबड्या, कुरडया, शेवया, पापड व सांडगे यांनी भरून जातात. सातपुड्यातील पाड्यांवर मोहाची फुले वाळत पसरलेली असतात. ज्या उन्हाने जीव कासावीस होतो, त्याच उन्हाला कामाला लावून पावसाळ्याची बेगमी करावी, हे या भूमीतील गृहिणीचे पिढीजात शहाणपण आहे. या वाळवणाचे कौतुक होते. शेजारणी त्याची देवघेव करतात. लेक सासरी निघाली की तिच्या सामानात त्याचा एक डबा असतोच.

परंतु याच उन्हात आणखी एक वाळवण होत असे, आणि त्याचे कौतुक कोणी केले नाही. ते गावाबाहेरच्या वस्तीत, दोरीवर टांगलेले असे. त्याचे नाव चान्या. आमच्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांच्या आजी-पणजींनी त्या केल्या आहेत, राखल्या आहेत आणि लेकरांना भरवल्या आहेत. तरीही घरभेटीच्या वेळी हा विषय निघाला की म्हाताऱ्या माणसांचा आवाज आपोआप खाली येतो. बिबड्यांविषयी मोकळेपणाने बोलणारी जीभ चान्यांविषयी बोलताना का अडखळते, हा प्रश्न वरवर स्वयंपाकघरातला दिसतो; विचार केला तर तो नीतिशास्त्राचा आहे.

प्रथम वस्तू समजून घेऊ. चान्या म्हणजे मांसाच्या, बहुधा गोवंशाच्या किंवा म्हशी-रेड्यांच्या मांसाच्या, वाळवलेल्या लांब पट्ट्या. मांसाचे उभे पातळ काप काढावयाचे, चरबी शक्य तितकी वेगळी करावयाची, कारण ती लवकर खवट होते; मीठ, मिळाली तर हळद लावावयाची आणि पट्ट्या दोरीवर कडक उन्हात टांगावयाच्या. कावळे-घारींना हाकलण्यासाठी खाली एखादे पोर बसवावयाचे. ताज्या मांसात वजनाच्या सुमारे पाऊण हिस्सा पाणीच असते. ते निघून गेले की तीन किलोंचे जेमतेम एक किलो उरते, आणि ज्या सूक्ष्म जंतूंमुळे मांस सडते त्यांना वाढण्यास ओल उरत नाही. मीठ हेच काम आतून करते. मग ती सुकी पट्टी गाडग्यात जपून ठेवावयाची. आषाढात मजुरी नसे, घरात दाणा नसे, तेव्हा निखाऱ्यावर भाजून, कुटून, भाकरीबरोबर ती खाल्ली जाई, अथवा तिखट-मीठ घालून शिजवली जाई. एका दिवसाची विपुलता चार महिन्यांच्या टंचाईत वाटून देण्याची ही युक्ती होती.

ही युक्ती काही एका वस्तीपुरती नव्हती. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातील लोक असेच मांस वाळवीत, आणि त्यांच्या केचुआ भाषेतील ‘चार्की’ या शब्दावरूनच आज जगभर रूढ झालेला ‘जर्की’ हा शब्द आला. दक्षिण आफ्रिकेत त्याचे नाव बिल्टाँग. आपल्या केरळात ख्रिस्ती घरांतून वाळवून कुटलेले गोमांस ‘इडियिरची’ या नावाने अभिमानाने पाहुण्यांच्या पानात वाढले जाते. आणि आता मोठ्या शहरांतील दुकानांत हीच वस्तू चकचकीत पाकिटात, प्रथिनांचा आकडा छापून, येताजाता तोंडात टाकण्याचा खाऊ म्हणून विकली जाते. ज्या पदार्थाचे नाव आजीने लपवले, तोच पदार्थ नातू परक्या नावाने, चढ्या किमतीला, मित्रांसमक्ष खातो. मांस तेच, मीठ तेच, ऊन किंवा यंत्राची उष्णता एवढाच काय तो फरक. मग आजीची लाज आणि नातवाची प्रतिष्ठा या दोन्ही कोठून आल्या?

कोणत्याही कृतीचा नैतिक विचार करताना ख्रिस्तसभेची परंपरा तीन गोष्टी पाहावयास सांगते : प्रत्यक्ष कर्म, कर्त्याचा हेतू आणि भोवतालची परिस्थिती. चान्यांचा विचारही याच क्रमाने करणे सोयीचे होईल. मात्र हेतू आम्ही शेवटी घेणार आहोत.

कर्माविषयी ख्रिस्ती माणसाच्या मनात संदेह असण्याचे कारण नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात आरंभी मनुष्याला वनस्पतीचा आहार दिलेला दिसतो, आणि जलप्रलयानंतर नोहाला मांसाचीही मुभा दिलेली दिसते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू स्पष्ट करतो की बाहेरून पोटात जाणारी वस्तू माणसाला विटाळवीत नाही. अंतःकरणातून बाहेर पडणारा दुष्ट विचार त्याला विटाळवतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात यापो येथे संत पेत्राला झालेला दृष्टान्त हेच सांगतो, आणि विशेष हे की त्या दृष्टान्ताचा अर्थ पेत्राला भोजनाच्या पानावर उमगत नाही, तर कर्नेल्य नावाच्या परराष्ट्रीय माणसाच्या उंबरठ्यावर उमगतो. जनावरांविषयीचा दृष्टान्त शेवटी माणसांविषयीचा ठरतो. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास अनुमती देतो आणि त्याच ठिकाणी बजावतो की प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे मनुष्याच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही. तात्पर्य, चान्या ही वस्तू म्हणून पवित्रही नाही आणि अपवित्रही नाही. ती अन्न आहे.

परंतु अन्न पंक्तीत खाल्ले जाते, आणि पंक्ती माणसांनी आखलेल्या असतात. अंत्युखियात पेत्र विदेशी बांधवांबरोबर जेवत असे. पण यरुशलेमहून काही मंडळी येताच तो भयाने त्या पंक्तीतून उठू लागला, आणि पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. गलतीकरांस पाठवलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील हा प्रसंग आपण महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांनी वारंवार वाचण्यासारखा आहे. पंक्ती मोडली तर शुभवर्तमानच मोडते, इतक्या गंभीरपणे पौलाने ते घेतले होते.

येथे परिस्थितीचा विचार सुरू होतो, आणि तो इतिहासापासून सुरू केला पाहिजे. गावगाड्यात मेलेले जनावर ओढून नेणे हे काम महार समाजावर जन्माने लादलेले होते. त्याच्या बदल्यात त्या जनावराचे मांस हा त्यांचा ‘हक्क’ मानला जाई. इतर अन्न मिळण्याची वाट बंद ठेवावयाची, मेलेले ढोर पुढे टाकावयाचे आणि मग ते खातो म्हणून माणसाला विटाळ मानावयाचे, असा हा उफराटा न्याय होता. 1927 च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी गोमांसभक्षण आणि अस्पृश्यतेचा उगम यांचा संबंध मांडला. पुढे 1958 च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. महाडचे आवाहन हे आहारशास्त्राचे नव्हते. अपमानाच्या मोबदल्यात मिळणारा घास नाकारणे, हा त्याचा अर्थ होता. ज्या कुटुंबांनी त्या काळी पोटाला चिमटा घेऊन तो घास नाकारला, त्यांच्या त्यागाला आम्ही उपवासाच्या पंक्तीत बसवू. म्हणून आज कोणी चान्यांच्या आठवणींना गोडवा चढवून ती ‘आपली संस्कृती’ म्हणून मिरवू लागला, तर त्या त्यागाचेही स्मरण ठेवावे.

आणि तरीही आजींची लाज ही खरी लाज नव्हती, हे सांगितलेच पाहिजे. लाज दोन प्रकारची असते. एक आपल्या अपराधाची. ती पश्चात्तापाकडे नेते आणि कृपेचे दार उघडते. दुसरी दुसऱ्याने आपल्या अंगावर टाकलेली. ती माणसाला केवळ वाकवते. उपाशी लेकरांसाठी पट्ट्या वाळवणाऱ्या मातेने कोणताही अपराध केला नव्हता. अपराध होता तो तिच्यासमोर दुसरे अन्न न ठेवणाऱ्यांचा. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक 2015 मध्ये आले, 2024 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला, आणि मराठवाड्यातील दलित घरांतील चान्यांसह कितीतरी पदार्थांची नोंद प्रथमच इतक्या सविस्तरपणे छापून आली. पाककृतीच्या छापील पुस्तकांत ज्यांच्या चुली नव्हत्या, त्यांच्या चुली त्यात आल्या. अशा लेखनाचे ख्रिस्ती माणसाने स्वागत करावे, कारण लपवलेले सत्य उजेडात आणणे हे आपल्याच धर्माचे काम आहे.

1987 मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या नाशिक धर्मप्रांतात खानदेशचे जिल्हे येतात. येथील धर्मग्रामांत अहिल्यानगर जिल्ह्यातून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे आहेत, सातपुड्यातील आदिवासी आहेत, गोवा-केरळातून आलेलेही आहेत. रविवारी सर्वजण एकाच वेदीवरून एकच भाकर घेतात. त्यानंतर घरी कोण कोणाकडे जेवतो? कोणाच्या घरचा डबा सणाच्या पंगतीत न उघडता तसाच परत जातो? केरळच्या कुटुंबाने सुके मांस आणले तर ती ‘खासियत’, आणि आपल्याच जिल्ह्यातील बांधवाने आणले तर नाक मुरडावयाचे, असे कोठे घडत असेल तर पौलाने पेत्राला लावलेला दोष आपल्यालाही लागतो. मिस्सेतील भाकर आणि पंगतीतील भाकर यांच्यामध्ये आपण भिंत बांधली, तर पहिलीचा अर्थही निसटतो.

परिस्थितीचा दुसरा भाग कायद्याचा व शेजाऱ्याचा. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर 1976 च्या प्राणी संरक्षण कायद्याने बंदी आली; 2015 च्या दुरुस्तीने ती बैल व वळू यांनाही लागू झाली. मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी वैध ठरवली, पण परराज्यात कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस केवळ जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हैस व रेडा यांच्या बाबतीत अशी संपूर्ण बंदी नाही. तेव्हा बैलाच्या मांसाच्या चान्या या राज्यात कोणी करू जाईल तर कायदा मोडेल, आणि म्हशीच्या मांसाच्या करील तर नियमाने कापलेले मांस असल्यास मोडणार नाही. कायदा योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात, आणि ते लोकशाही मार्गाने मांडण्याचा अधिकार सर्वांना आहे. मात्र केवळ जिभेच्या चवीसाठी चोरून कायदा मोडणे याला आम्ही शौर्य म्हणणार नाही. अन्यायाविरुद्ध सदसद्विवेकाने केलेला प्रतिकार उघड असतो आणि त्याची किंमत देण्यास तो तयार असतो.

शेजाऱ्याच्या भावनेचाही विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. पोळ्याच्या दिवशी खानदेशातील शेतकरी बैलाला न्हाऊ घालतो, शिंगे रंगवतो आणि खापरावरच्या पुरणपोळीचा घास आधी त्याला भरवतो. वर्षभर आपल्याबरोबर राबलेल्या जिवाविषयीची ही कृतज्ञता आपल्याला परकी नाही. मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसकी बांधू नये, अशी आज्ञा अनुवादाच्या पुस्तकात आहेच. हा शेजारी अजाण आहे म्हणून त्याला सांभाळावयाचे, असा येथे प्रश्न नाही. त्याच्या मनातील एक चांगली गोष्ट आपण ओळखली पाहिजे. करिंथकरांस लिहिताना पौलाने मूर्तीपुढील नैवेद्याच्या मांसाचा प्रश्न असाच सोडवला. मांस खाण्यास हरकत नाही हे त्याने प्रथम मान्य केले, आणि मग आपल्या खाण्याने बांधवाच्या विवेकाला ठेच लागत असेल तर आपण ते कधीही खाणार नाही, अशी तयारी दाखवली. त्याचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी स्वातंत्र्य, मग त्या स्वातंत्र्याचा प्रेमासाठी त्याग. जे आपल्या हातात कधी नव्हतेच त्याचा त्याग करता येत नाही.

म्हणूनच प्रेमाने सोडणे आणि भयाने सोडणे यांत अंतर आहे. ऑगस्ट 2024 मध्ये धुळ्याहून मुंबईला जाणाऱ्या आगगाडीत, इगतपुरीच्या सुमारास, जळगाव जिल्ह्यातील एका बहात्तर वर्षांच्या मुसलमान वृद्धाला सहप्रवाशांनी गोमांस नेत असल्याच्या संशयावरून मारहाण केली. तो कल्याणला आपल्या मुलीकडे निघाला होता, आणि जवळचे मांस म्हशीचे असल्याचे सांगत होता. त्या गाडीने आपल्यापैकी अनेकजण प्रवास करतात. डब्यातील इतर माणसांत कोणी ख्रिस्ती होते की नाही, आम्हांस ठाऊक नाही. परंतु असते तर त्यांनी काय करावयास हवे होते, हे ठाऊक आहे. मांस कोणते याचा निर्णय पोलीस व न्यायालय करतील. म्हाताऱ्या बापाच्या अंगावर उगारलेला हात धरणे हे शेजारी बसलेल्याचे काम. संशयाला मांसाचीही गरज लागत नाही. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे असल्याच्या अफवेवरून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले, हे धुळे जिल्हा विसरलेला नाही. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा न्यायालयाच्या पिंजऱ्यापुरती नाही. शेजाऱ्याच्या डब्यात काय असेल याविषयी कुजबुजणाऱ्या ओठांनाही ती लागू आहे. अशा भयाने कोणी आपला घास टाकून देत असेल, तर तेथे पौलाचा उपदेश सांगू नये. तेथे सांगावयाचा उपदेश मारणाऱ्याला आहे.

आता उरला हेतू. येथे पाकिटातल्या जर्कीचा विचार करावा लागतो. आजीच्या चान्या भुकेसाठी होत्या. पाकिटातली पट्टी बहुधा भूक नसताना खाल्ली जाते. थोर संत ग्रेगरी यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आणि संत थॉमस अक्वायनस यांनी ते आपल्या ग्रंथात स्वीकारले : वेळेआधी खाणे, उंची तेच मागणे, अति खाणे, अधाशीपणे खाणे आणि पदार्थाचे नको तितके चोचले करणे. खादाडपणा केवळ प्रमाणात नसतो, हे त्यांनी किती बारकाईने ओळखले होते! येताजाता तोंड चाळवण्याच्या आजच्या सवयीत यांतील दोन-तीन प्रकार सहज सापडतात. आणि हीच पट्टी मद्याबरोबरचा चखणा म्हणून पुढे आली, की घरातील पगाराचे काय होते, हे धर्मग्रामातील स्त्रियांना आम्ही सांगण्याची गरज नाही.

देह हेही देवाचे देणे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये, खारवलेले-धुरावलेले असे प्रक्रिया केलेले मांस माणसात कर्करोगास कारण होते असे जाहीर केले. रोज 50 ग्रॅम खाण्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा हिशेब आहे. मीठही त्यात भरपूर. अधूनमधून खाल्लेल्या तुकड्याने आकाश कोसळत नाही. नित्याच्या सवयीचा विचार करावा. घरी करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की वाळवण्याने जंतूंची वाढ थांबते, पण असलेले सर्व जंतू मरतातच असे नाही. म्हणून वाळवण्यापूर्वी मांस आतपर्यंत सुमारे 71 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून घ्यावे, असा आजचा सल्ला आहे.

शुक्रवारविषयी तरुण मंडळी विचारतात, म्हणून तेही सांगतो. ख्रिस्तसभेच्या नियमानुसार वयाची चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांनी राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला मांस वर्ज्य करावयाचे असते. इतर शुक्रवारीही हाच नियम असून त्याचे स्वरूप ठरवण्याचा अधिकार बिशप परिषदेला आहे. वाळवलेले मांस हे मांसच. ‘एवढीशी तर पट्टी’ ही पळवाट धरणाऱ्याने स्वतःला इतकेच विचारावे की जी एवढीशी आहे, ती प्रभूसाठी सोडता का येऊ नये?

कोणाही आजीला आता आपल्या चान्यांविषयी आवाज खाली आणावा लागू नये, असे आम्हांस वाटते. तिच्या नातवंडांनी तिला विचारावे : मीठ किती लावत होतीस, कावळे कोण हाकलत होते, कोणत्या वर्षी त्याच चान्यांनी घर तारले? आणि तिने ते सांगून झाल्यावर, आपल्याला मेलेले ढोर कोणी व का दिले होते, हेही विचारावे. या दोन्ही गोष्टी ऐकल्या, तर हातातल्या पाकिटाचे काय करावयाचे ते त्यांचे त्यांना कळेल. भूक असेल, कायद्यात बसत असेल, शेजाऱ्याला दुखवत नसेल आणि शुक्रवार नसेल, तर देवाचे आभार मानून खावे, आणि शेजारी बसलेल्याला त्यातले अर्धे द्यावे.